पंतोजींची शाळा

मुलांना कोणी शिकवावे याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली; परंतु मुलांना शिकविणाऱ्यास कोणी शिकवावे, हा तितकाच जुना प्रश्न मात्र बहुधा सरकारी अहवालांतच पडून राहिला. अलीकडे तो पुन्हा घरोघर दिसू लागला आहे. आम्ही राहतो त्या बिबवेवाडीसारख्या उपनगरात ज्या घरी कोणी शिक्षक वा शिक्षिका आहे, त्या घरी रात्रीची जेवणे आटोपल्यावर मोबाइल पुढे ठेवून कोणता ना कोणता अभ्यासक्रम चाललेला आढळतो. 'दीक्षा', 'निष्ठा', 'स्वयम्' ही त्यांची नावे. नावांवरून एखाद्या मठाचा भास व्हावा. परंतु तेथे गुरू समोर बसलेला नसतो, आणि शेवटी पदरात पडते ते प्रमाणपत्र. हा प्रकार अगदी नवा आहे अशी सर्वत्र समजूत दिसते. साधन नवे आहे, हे खरे. दूरच्या शिक्षकास जागेवरून न हलविता शहाणे करावयाचे, ही कल्पना मात्र दीडशे वर्षांहून अधिक जुनी असून ती याच पुण्यात वाढली व येथेच एकदा मोडलीही.

पेशवाई बुडाल्यानंतर नव्या शाळा निघू लागल्या, तेव्हा पहिली अडचण पडली ती मास्तरांची. जुना पंतोजी ओसरीवर मुले जमवी, धुळाक्षरे गिरवून घेई, पाढे म्हणवून घेई. भूगोल किंवा छापील पुस्तक यांचा त्यास परिचय नसे. म्हणून मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली २४ तरुण तयार करून १८२६ मध्ये निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविले. पुढे १८४५ मध्ये मुंबईस शिक्षक घडविण्याचा 'नॉर्मल क्लास' निघाला आणि त्याचे चालकत्व बाळशास्त्री जांभेकर यांजकडे आले. पुढल्याच वर्षी त्यांस मृत्यूने गाठले, तेव्हा व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी ते काम हाती घेतले. आपल्या भाषेतील पहिला वृत्तपत्रकार आणि पहिला मोठा व्याकरणकार या दोघांनाही मास्तरांचे मास्तर होणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने अशा शाळा प्रांतोप्रांती काढण्याचे धोरण ठरविले, आणि पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज नावारूपास आले.

परंतु कॉलेजात येऊन शिकणारे थोडे, आणि कोकणात, मावळात, खानदेशात खेडोपाडी एकेकट्याने शाळा चालविणारे फार. त्यांस पुण्यास आणावे तर शाळा बंद पडावयाची; न आणावे तर ते जसेच्या तसे राहावयाचे. या पेचातून जो मार्ग निघाला तो म्हणजे १८६१ मध्ये सुरू झालेले 'शाळापत्रक' हे मासिक. शिक्षणखात्याच्या आश्रयाने ते निघे, आणि मराठी शाळांतील शिक्षक हाच त्याचा मुख्य वाचक. टपालाने हाती पडणारा अंक हाच त्या एकाकी मास्तरांचा वर्ग होय. आजच्या भाषेत ज्यास दूरशिक्षण म्हणतात त्याचा आमच्या प्रांतातील हा पहिला ठळक अवतार, असे म्हणावयास हरकत नाही.

या मासिकाचे संपादन १८६५ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकर यांजकडे होते. ते ट्रेनिंग कॉलेजाचेही प्रमुख असल्यामुळे वर्गातले शिक्षण आणि टपालातले शिक्षण यांची सूत्रे एकाच हाती आली. १८६८ पासून संपादनात त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचा हात फिरू लागला. त्यांचे वय तेव्हा अवघे १८ वर्षांचे. पदवीही मिळावयाची होती. या तरुणाने शिक्षकांच्या मासिकात काय छापावे? कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या पाच संस्कृत ग्रंथकारांवरील आपले विस्तृत निबंध त्याने 'शाळापत्रका'तूनच प्रसिद्ध केले. 'संस्कृत कविपंचक' म्हणून पुढे जे पुस्तक मराठी टीकावाङ्मयाच्या आरंभी मानाने ठेविले जाते, त्याचे पहिले वाचक म्हणजे हे खेड्यापाड्यांतले मास्तर होत.

ज्यास मुलांकडून बाराखडी घोटून घ्यावयाची त्यास बाणभट्टाची कादंबरी कशास पाहिजे, असे आजचा एखादा प्रशिक्षणतज्ज्ञ विचारील. आमच्या मते त्या मासिकाचे सारे सामर्थ्य या अनावश्यक वाटणाऱ्या निबंधांतच होते. लिहिणारा आपल्या वाचकाशी बरोबरीच्या नात्याने बोलत होता. मास्तर म्हणजे खात्याचा हुकूम अमलात आणणारा शेवटचा हात, असे न मानता, ज्याला रुची आहे, मत आहे आणि जो फावल्या वेळी चांगले वाचू इच्छितो असा गृहस्थ, असे त्याने मानले. शिक्षकाच्या अंगी जी वाढ व्हावयाची ती याच मानण्यातून होते. पाठ कसा घ्यावा हे कोणीही सांगेल. पाठ घेणाऱ्याचे मन भरलेले राहील अशी तजवीज करणे अवघड. आणि सरकारच्या आश्रयाने चालणाऱ्या मासिकाकडून ती व्हावी, हे तर विशेषच.

हा विशेष फार काळ टिकला नाही. विष्णुशास्त्र्यांची लेखणी कवींवरच थांबणारी नव्हती. सरकार आणि मिशनरी यांजवर मासिकातून टीका होऊ लागली, वरिष्ठांची मर्जी फिरली, आणि १८७५ मध्ये 'शाळापत्रक' बंद पडले. तत्पूर्वीच, १८७४ च्या जानेवारीत, 'निबंधमाला' सुरू झाली होती, म्हणून शास्त्रीबोवांचे काही अडले नाही; पुढे सरकारी शाळेतील नोकरी सोडून १८८० च्या आरंभी त्यांनी टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. अडले ते त्या मास्तरांचे. आमच्या वाङ्मयेतिहासात 'शाळापत्रका'चे बंद होणे म्हणजे 'निबंधमाले'ची प्रस्तावना समजली जाते. त्या मास्तरांच्या बाजूने पाहिले तर तो एका पिढीचा वर्ग मध्येच सुटला.

येथवरची हकीकत मात्र एका बाजूची झाली. ज्या वर्षांत तरुण विष्णुशास्त्री पंतोजींस कालिदास समजावून देत होते, त्याच वर्षांत, त्याच शहरात, जोतीराव फुले पंतोजींकडे निराळ्या दृष्टीने पाहत होते. १८६९ मध्ये त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर एक पोवाडाच रचला. कुणब्यामाळ्यांची मुले शाळेत आली तरी मास्तर त्यांजकडे लक्ष देत नाही, हा त्यांचा आरोप होता. शिक्षक कसा घडतो हा प्रश्न फुल्यांस ऐकीव नव्हता. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढिली तेव्हा शिकवावयास बाई मिळण्याची मारामार, म्हणून सावित्रीबाईंस त्यांनी घरीच शिकवून तयार केले होते. स्त्रीशिक्षिकांसाठी पुण्यात ट्रेनिंग कॉलेज निघाले ते पुष्कळ पुढे, १८७० मध्ये.

१८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यातील शिक्षकांविषयीचा भाग आजही प्रत्येक अध्यापक विद्यालयात वाचला जावा अशा योग्यतेचा आहे. प्राथमिक शाळांचे शिक्षक शिकवून तयार केलेले असावेत आणि होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्यावेत. प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास लाजणारे नसावेत. त्यांस दरमहा निदान १२ रुपये पगार असावा आणि मोठ्या गावी १५ ते २० असावा. मुलांस बालबोध व मोडी, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीची व आरोग्याची माहिती मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. विष्णुशास्त्र्यांचे आणि फुल्यांचे जमणे शक्यच नव्हते. 'निबंधमाले'ने फुल्यांवर किती कठोर टीका केली, हे सर्वविश्रुत आहे. परंतु आज दूर उभे राहून पाहता दोघांनी एकाच प्रश्नाची दोन अंगे धरिली होती असे आम्हांस वाटते. एकाने मास्तरांच्या मनाचा विचार केला, पण त्याच्यापुढे बसलेले पोर कोणाचे, हे पाहिले नाही. दुसऱ्याने ते पोर पाहिले आणि त्या पोराला ओळखील असा मास्तर मागितला.

फुल्यांची ही मागणी खरोखर कृतीत उतरावयास अर्धशतक लागले. १९३५ मध्ये साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढिले. नाव राजेसाहेबांच्या रौप्यमहोत्सवाचे आणि काम फुल्यांचे, असा तो मोठा मजेचा संयोग होता! खेड्यातली मुले तेथे शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात गेली, आणि ती संस्था पुढे महात्मा फुल्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास ताराबाई मोडक मराठी 'शिक्षणपत्रिके'तून बालशिक्षणाचे विचार पालक व शिक्षक यांजपर्यंत पोहोचवीत होत्या. 'शाळापत्रका'ची तुटलेली परंपरा कोठे जुळली असेल तर ती येथे, असे आम्ही समजतो.

स्वातंत्र्योत्तर काळातील टप्पे येथे धावतेच सांगतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग सहा राज्यांतील खेड्यांत झाला आणि त्यातून हजारो शिक्षकांस विज्ञानाचे धडे मिळाले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. १९८९ मध्ये नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले, आणि नोकरी न सोडता बी. एड. होण्याची वाट शिक्षकांस खुली झाली. २०१७ मध्ये 'स्वयम्' व 'दीक्षा' अवतरल्या. देशातील अप्रशिक्षित शिक्षकांस ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्र होण्याची जी मुदत कायद्याने घातली होती, तीसाठी लक्षावधी शिक्षकांनी 'स्वयम्'वरूनच पदविका केली. २०२० मध्ये महामारीने शाळांस कुलुपे लागली, तेव्हा 'निष्ठा' हे प्रशिक्षण १८ भागांत मोबाइलवर आले; त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षास ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. आमच्या राज्यात तर १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वेतनश्रेणीसाठी आवश्यक असलेले प्रशिक्षणही २०२२ मध्ये याच मार्गाने देण्यात आले.

हे सारे निष्फळ आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. गडचिरोलीच्या शिक्षिकेला आणि बिबवेवाडीच्या शिक्षिकेला एकच व्याख्यान एकाच दिवशी ऐकावयास मिळावे, ही गोष्ट कृष्णशास्त्र्यांच्या स्वप्नातही नसेल. परंतु आमच्या शेजारच्या शिक्षकांशी बोलताना एक गोष्ट ध्यानात येते. अभ्यासक्रम कसा होता असे विचारले, तर उत्तर मिळते की 'पूर्ण झाला'. चित्रफीत पुढे सरकत राहते, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या होत राहतात, प्रश्नांची उत्तरे गटागटांतून फिरत येतात, आणि टक्केवारीची पट्टी हिरवी होते. यात शिक्षकांचा दोष आम्ही फारसा मानीत नाही. ज्याच्याकडून केवळ पूर्ततेची अपेक्षा आहे तो पूर्तताच करील. आम्हां महाविद्यालयीन अध्यापकांच्या उजळणीवर्गांची कथा काही निराळी नाही, हेही येथे सांगून टाकलेले बरे.

आणि तरीही उलट दिशेचा प्रवाह अगदीच आटलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेतचिन्हे घालून पाठास ध्वनी व चित्रफितींची जोड दिली. मग तीच युक्ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०२० मध्ये त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा गाजावाजा पुष्कळ झाला. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते इतकेच, की येथे मास्तर शिकला आणि त्यापासून खाते शिकले.

सदाशिव पेठेतील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद बिबवेवाडीहून फारशी दूर नाही. तेथे ज्या अधिकाऱ्यांच्या हाती हे अभ्यासक्रम तयार होतात, त्यांजपुढे 'शाळापत्रका'चे जुने अंक कोणी ठेवील तर बरे होईल. केंद्राकेंद्रांवर शिक्षकांच्या ज्या शिक्षण परिषदा भरतात त्या अद्यापि चालू आहेत. तेथे दहा-वीस मास्तर एका खोलीत समोरासमोर बसतात. त्यातील एखादा तास वरून आलेल्या विषयासाठी न ठेवता, कोणा शिक्षकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाविषयी लिहून आणलेल्या चार पानांसाठी राखून ठेवावा, आणि ती पाने मग 'दीक्षा'वर सर्वांस वाचावयास मिळावी. त्यास नवा निधी लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. त्या पानांत सरकारवर टीका निघाली तर काय करावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. आणि १८७५ मध्ये त्याचे जे उत्तर दिले गेले, ते आता द्यावयाचे की नाही हे खात्याने ठरवावयाचे आहे.