छातीतली दोन कवाडे

बेलवलीत काय किंवा मुंबईत काय, कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाशेजारी निःशब्द रात्री बसले, तर घड्याळासारखी बारीक टिकटिक कधी कधी कानी येते. या टिकटिकीच्या इतिहासात एका भारतीय शल्यविशारदाचे नाव आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही : डॉ. भगवंत काळके.

आधी नैसर्गिक झडपेविषयी. हृदयाच्या चारही झडपा स्वतःच्या बळावर हलत नाहीत. मागचा दाब वाढला की त्या उघडतात, पुढचा वाढला की मिटतात. डॉक्टर नळीतून ऐकतात तो ‘लब-डब’ ध्वनी त्यांच्या मिटण्याचाच. द्विदल झडपेचे पडदे दाबाने मागे उलटू नयेत म्हणून खालून चिवट तंतूंनी बांधलेले असतात. ही उघडझाप दिवसाकाठी सुमारे 1 लाख वेळा होते. बालपणी घसा दुखून मागाहून येणारा संधिज्वर नेमका याच पडद्यांना जाड करतो, एकमेकांना चिकटवतो.

1960 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप यशस्वी केली. तिने असंख्य प्राण वाचवले. पण वाटेत मधोमध चेंडू, त्यामुळे रक्ताला वळसा घालावा लागे. त्यानंतर गॉट आणि डॅगेट यांनी लवचीक कापडी पाकळ्या करून पाहिल्या. मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांच्यासोबत काम करणाऱ्या काळके यांनी मात्र दोन ताठ अर्धवर्तुळाकृती पाकळ्या बिजागरीवर बसवल्या. वाड्याच्या दुहेरी कवाडासारख्या त्या उघडल्या की प्रवाहाची वाट जवळजवळ सरळ होई. या रचनेवरील त्यांचा शोधनिबंध 1967 मध्ये प्रसिद्ध झाला.

1968 मध्ये ही झडप एका रुग्णाला बसवण्यात आली. तो वाचला नाही आणि ती पुन्हा कोणालाही बसवली गेली नाही.

कल्पना चुकीची होती, असे त्यावरून ठरत नाही. ऑक्टोबर 1977 मध्ये मिनेसोटातच डेमेट्रे निकोलॉफ यांनी ‘सेंट ज्यूड’ ही दोन ताठ पाकळ्यांची झडप पहिल्यांदा बसवली. बिजागऱ्यांची ठेवण निराळी होती आणि पाकळ्यांना अणुइंधनाच्या कणांसाठी विकसित झालेल्या कार्बनचा गुळगुळीत लेप होता. पुढे लिलेहाय त्याच कंपनीचे वैद्यकीय संचालक झाले. दोन पाकळ्यांची ही रचना जगभर रूढ झाली, सेंट ज्यूडच्या नावाने.

कार्बन कितीही गुळगुळीत असला, तरी रक्त त्याला परकेच मानते. म्हणून अशी झडप असलेल्याला गुठळी रोखणारी गोळी आजही जन्मभर घ्यावी लागते.