परसातील गुंजनपक्षी : एका ओळखीचा इतिहास

एखाद्या जीवाची ओळख पटविण्यासाठी आधी त्याचा प्राण घ्यावा लागावा, यासारखी विसंगती ज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. तथापि एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्र बव्हंशी याच विसंगतीवर उभे होते. अमेरिका खंडातील हमिंगबर्ड, म्हणजे आपल्या कोशकारांनी ज्यास ‘गुंजनपक्षी’ असे समर्पक नाव दिले आहे ते इवलेसे पाखरू, या इतिहासाचे बोलके उदाहरण होय. आज तिकडील सामान्य गृहस्थ परसात साखरपाण्याची बाटली टांगतो, आलेल्या पक्ष्याचे छायाचित्र घेतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची जात ठरवून मोकळा होतो. हे सुलभ कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभीच एक घोटाळा दूर केलेला बरा. दिल्ली-कलकत्त्याकडील सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी जास्वंदीच्या फुलाशी झटणारा, काळसर निळा, बाकदार चोचीचा चिमुकला पक्षी पाहिलेला असतो, आणि पुष्कळजण त्यालाच हमिंगबर्ड म्हणतात. तो आपला शिंजीर. दोघेही मधावर जगतात म्हणून दोघांचे रूप काहीसे सारखे झाले, एवढेच. नाते जवळचे नाही. गुंजनपक्ष्याचे खरे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती असून त्या सर्व केवळ अमेरिका खंडात व त्या लगतच्या बेटांवर राहतात. क्यूबातील सर्वांत लहान जातीच्या पक्ष्याचे वजन जेमतेम दोन ग्रॅम भरते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील माणिककंठी जात सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख हलविते. त्या पंखांचाच गुंजारव आपल्याला ऐकू येतो. हा पक्षी हवेत एका जागी स्थिर राहतो आणि मागेही उडतो. अशा पक्ष्याला डोळ्यांनी न्याहाळावे तरी कसे?

गेल्या पिढ्यांनी या प्रश्नाचे उत्तर बंदुकीने दिले. लंडनचा जॉन गूल्ड हा या पक्ष्यांचा सर्वांत मोठा चित्रग्रंथकार. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वर्षी त्याने रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या शेकडो गुंजनपक्ष्यांचे प्रदर्शन मांडले, आणि ते पाहण्यास पाऊण लाखाच्या आसपास लोक लोटले. १८४९ ते १८६१ या काळात त्याने ३६० चित्रपत्रांचा आपला ग्रंथ पाच खंडांत सिद्ध केला. पिसांची झळाळी कागदावर उतरावी म्हणून त्यात सोन्याचा वर्खही वापरला. परंतु गूल्डने जिवंत गुंजनपक्षी पहिल्यांदा पाहिला तो १८५७ च्या मे महिन्यात, फिलाडेल्फियाच्या बार्ट्रम उद्यानात. म्हणजे ग्रंथाचा बराच भाग निघून गेल्यानंतर! परतताना काही जिवंत पाखरे इंग्लंडला नेण्याची त्याची धडपडही निष्फळ ठरली. ती जगली नाहीत.

कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आम्हांसारख्यांना या संग्रहांतील खरा दोष चटकन उमगतो. ज्या कागदावर ठिकाण नाही आणि तारीख नाही, तो कागद कितीही सुंदर अक्षरात लिहिलेला असो, पुराव्याच्या कामी त्याचे मोल थोडे. बोगोटाच्या बाजारातून युरोपात गेलेल्या हजारो कातड्यांची नेमकी हीच गत होती. पक्षी कोणत्या डोंगरावर मारला, कोणत्या ऋतूत मारला, याची नोंदच नसे. १९०९ मध्ये बोगोटा येथे विकत घेतलेल्या अशाच एका कातड्यावरून १९९३ मध्ये एक नवी जात जाहीर करण्यात आली. तसा दुसरा पक्षी कोणास आढळला नाही. पुढे त्याच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली. एका तपासणीत ती स्वतंत्र जात ठरली, तर २०१८ मधील अधिक सखोल तपासणीत तो संकरित पक्षी असल्याचे दिसून आले. एका मूक कातड्याने शंभरांहून अधिक वर्षे विद्वानांना झुलवत ठेवले.

हे वेड युरोपापुरते नव्हते. राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे आपणांस परिचित असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे हिंदुस्थान सरकारचे सचिव होते. आपल्या पक्ष्यांचा त्यांनी सिमल्यास जमविलेला प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. मात्र ह्यूम यांच्यासारख्यांच्या हेतूत ज्ञान तरी होते. त्याच सुमारास स्त्रियांच्या टोप्यांवर पक्षी खोवण्याची टूम निघाली, आणि लंडनच्या लिलावांत गुंजनपक्ष्यांची कातडी हजारांनी विकली जाऊ लागली. याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या स्त्रियाच. १८९६ मध्ये बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी चहाच्या बैठकांतून शहरातील प्रतिष्ठित स्त्रियांची मने वळविली, आणि त्यातून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन संस्था जन्मली. १९०० चा लेसी कायदा आणि १९१८ चा स्थलांतरी पक्ष्यांविषयीचा कायदा, हे या जागृतीचेच फलित म्हणावे लागेल.

मारणे थांबले, पण मग पाहावे कसे? याचे उत्तर घराच्या परसातून आले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कॅरोलाइन सोल या बाईंनी रंगविलेल्या कागदाचे फूल करून त्यात साखरपाण्याची कुपी बसविली, आणि गुंजनपक्षी त्या फुलाशी येऊ लागले. पुढे काचेच्या खास बाटल्या निघाल्या आणि १९५० च्या सुमारास त्या बाजारात मिळू लागल्या. पाखराच्या मागे रानोमाळ धावणारा माणूस प्रथमच एका जागी बसून त्याची वाट पाहू लागला. आमच्या मते या इतिहासातील हा सर्वांत मोठा पालट होय.

दुसरी अडचण वेगाची. साध्या कॅमेऱ्यात पंखांच्या जागी नुसते धुके उमटे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांनी अत्यल्प क्षण चमकणाऱ्या विद्युद्दीपाच्या साहाय्याने ते धुके विरविले. त्यांची चित्रे १९४७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आली. पाठोपाठ क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट पुढे आले. हे गृहस्थ व्यवसायाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हेत, तर ड्युपाँ या अवाढव्य रसायन कंपनीचे अध्यक्ष! हा छंद त्यांनी कारभाराच्या धबडग्यात जोपासला, आणि १९६० मध्ये ‘हमिंगबर्ड्स’ हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पिसांत त्या झळाळीचे रंगद्रव्य नसून अतिसूक्ष्म चकत्यांच्या थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ आहे, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह त्याच वर्षी दाखवून दिले. गूल्डचा वर्ख जे सांगू शकला नाही, ते येथे उलगडले.

परसातील छायाचित्रकाराला हे ज्ञान रोज उपयोगी पडते. माणिककंठी नराचा गळा प्रकाश समोरून पडला की अंगारासारखा पेटतो. किंचित मान वळली की तोच काळा दिसतो. म्हणून केवळ रंगावर विसंबून चालत नाही. माद्या आणि पिल्ले यांत तर बहुतेक जाती एकसारख्याच हिरवट-पांढऱ्या दिसतात. माणिककंठी आणि कृष्णकंठी या जातींच्या माद्यांतील भेद पंखाच्या सर्वांत बाहेरच्या पिसावरून जाणावा लागतो: एकीचे ते पीस अरुंद व टोकदार, तर दुसरीचे रुंद व बोथट. तांबूस गुंजनपक्षी आणि त्याचा जवळचा आप्त ॲलनचा गुंजनपक्षी यांच्यातील निवाडा शेपटीच्या पिसांवर अवलंबून असतो. तांबूस जातीच्या मधून दुसऱ्या पिसाला टोकाशी खाच असते. शेपटी उलगडते ती क्षणभर. तो क्षण कॅमेऱ्याने टिपला तर पक्ष्याला हात न लावता निर्णय होतो, आणि सोबत ठिकाण व तारीख यांची नोंदही राहते.

अर्थात येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. कोणत्या पिसाला खाच असते हे छायाचित्रकाराला समजले ते संग्रहालयांच्या खणांत निजलेल्या त्या पाखरांमुळेच. आजची निष्पाप ओळख कालच्या हिंसेच्या भांडवलावर चालली आहे. ते ऋण नाकारता येत नाही. ते वाढवू नये, इतकेच आपल्या हाती.

शिवाय पाहणेही सर्वस्वी अलिप्त नसते. ॲनाचा गुंजनपक्षी एके काळी मुख्यतः कॅलिफोर्नियाकडचा. परक्या फुलझाडांच्या बागा आणि साखरपाण्याच्या बाटल्या यांच्या आधाराने विसाव्या शतकात तो थेट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन स्थिरावला. ज्याने बाटली टांगली त्याने, नकळत का होईना, नकाशा बदलला. म्हणूनच जाणते लोक चार भाग पाण्यास एक भाग साखर घेतात, रंग घालत नाहीत आणि बाटली वरचेवर धुतात. पाहुण्याला बोलावले की त्याच्या पथ्यापाण्याची जबाबदारी यजमानावर येतेच.

२००२ पासून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशाळेने व ऑडुबॉन संस्थेने हौशी निरीक्षकांसाठी ‘ईबर्ड’ ही नोंदवही उघडली आहे. तीत आता छायाचित्रेही जोडता येतात, आणि ती वही आपल्या शिंजिरालाही खुली आहे. बदलीच्या गावी काही वर्षेच राहणाऱ्याने तेथील पक्ष्यांची काय नोंद करावी, असे कोणी म्हणेल. परंतु ठिकाण, तारीख आणि पाहिले तेवढेच लिहिणे हे तर आपल्या पेशाचे रोजचे काम. गूल्डच्या काळात त्यासाठी धनिकाचा खजिना आणि नेमबाजाची बंदूक लागे. आता एक खिडकी, थोडा धीर आणि खरे लिहिण्याची सवय एवढे पुरते.