सेंटर फॉर सोशल स्टडीज, सुरत
सामाजिक शास्त्रांत संशोधन करणारी गुजरातमधील संस्था. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये स्थापन केली. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या आवारात ती आहे. देसाई मुंबईत गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी; पुण्यातील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांवरील त्यांचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेची त्यांनी गावोगावच्या पाहणीतून केलेली नोंद (१९७६) आजही अस्वस्थ करते.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरल्याचे जाहीर होताच लाखो लोक शहर सोडून गेले. जंतूचा शोध वैद्यकाने घेतला. साथ सुरतेतच का, हा प्रश्न उरला. संस्थेत दीर्घकाळ काम केलेले घनश्याम शाह यांनी १९९७ च्या ग्रंथात साथीची मुळे तुंबलेली गटारे, कचरा, स्थलांतरित कामगारांच्या वस्त्या आणि ढिसाळ नगरप्रशासनात शोधली.