कुत्र्याची जहागीर

गावाचे नाव मांजर्ली आणि विषय कुत्र्यांचा! ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू आले तर त्यात नवल नाही. परंतु संध्याकाळी येथील रस्त्यांवरून एक फेरी मारावी. एकीकडे गळ्यात पट्टा घालून ऐटीत चाललेले उंची जातीचे कुत्रे दिसते, तर दुसरीकडे उकिरड्याशी अन्न हुंगणारे बेवारशी. या दोघांच्या नशिबात एवढे अंतर कोणी पाडले, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर आपण इतिहासात शोधून पाहू.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे थोरल्या शाहूमहाराजांची समाधी आहे. महाराज १७४९ साली निवर्तले. त्या परिसरातच त्यांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही दाखवितात. शिकारीत वाघापासून आपला जीव वाचविल्याबद्दल महाराजांनी आपल्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, अशी हकीकत ग्रँट डफने नोंदविली आहे. पालखीचे आपण कौतुक करतो आणि जहागिरीची थट्टा करतो. आम्हांस मात्र जहागीरच मोलाची वाटते. पालखी ही हौस झाली. जहागीर म्हणजे पोटापाण्याची कायमची तजवीज. प्राणी पाळणाराचे पहिले कर्तव्य तेच नव्हे काय?

ही तजवीज कोणीच केली नाही म्हणजे काय होते, ते मुंबईने पाहिले. बेवारशी कुत्री मारणाऱ्यास तेथे सरकार बक्षीस देई. बक्षिसाच्या लोभाने लोक घरांच्या आसपासची कुत्रीही धरू लागले. तेव्हा १८३२ च्या जूनमध्ये पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद झाली, दंगल झाली. पुढे मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली आणि १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दयेला शास्त्राची जोड मिळाली. परंतु मुळातला प्रश्न राहिलाच. पिल्ले जन्माला घालणारा कोण, आणि त्यांचा जबाबदार कोण?

या बाबतीत आपल्या दक्षिण सीमेवरचा कारवानी कुत्रा पाहण्यासारखा आहे. सांगली, सोलापूर, विजापूर या पट्ट्यातील धनगर, शेतकरी व शिकारी यांनी ही सडपातळ, लांब तोंडाची, वाऱ्यासारखी धावणारी जात पिढ्यान्‌पिढ्या राखली. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिला राजाश्रय दिला. म्हणूनच ती मुधोळ या नावाने ख्याती पावली. पूर्वी कुत्र्याची परीक्षा माळावर, सशामागे होत असे. जो दमाचा, त्याचीच वीण पुढे चाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा बसला, आणि ते योग्यच झाले. पण माळावरची परीक्षा गेली आणि रंगरूप व किंमत हीच परीक्षा होऊ लागली, तर जातीचे नाव राहील आणि गुण जाईल. जवळच्या नात्यात वारंवार वीण केल्यास दुबळेपणा व आनुवंशिक रोग वाढतात, हे तर शास्त्रच सांगते.

आणि वीण म्हणजे काही खेळ नव्हे. कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. पिल्ले जन्मतः आंधळी व बहिरी असतात. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात. पहिले काही दिवस त्यांना स्वतःच्या अंगाची ऊबही राखता येत नाही. ती आईने द्यावयाची, आणि आई थकली तर रात्री जागून धन्याने. खेळताना किती जोराने चावावे, हे पिल्लू आपल्या भावंडांतच शिकते. फार लवकर तोडलेले पिल्लू पुढे हट्टी व चावरे होण्याचा संभव असतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणूरोग लस न टोचलेली वीतच्या वीत काही दिवसांत नाहीशी करतो. रेबीजची लस तर पिल्लाइतकीच शेजाऱ्यांच्या मुलांसाठीही आवश्यक आहे.

हे सारे ध्यानी घेऊनच २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे. दीड वर्षाच्या आतील वा आठ वर्षांवरील कुत्रीची वीण करू नये, जन्मात पाचांहून अधिक विती घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये. नियम चांगले आहेत. परंतु बंद दाराआड कोणती कुत्री कितव्यांदा व्याली, हे पाहावयास सरकार कोठवर येणार? ते विकत घेणाऱ्यानेच विचारले पाहिजे. पिल्लाची आई दाखवा, असा आग्रह त्याने धरावा. आई दाखविण्यास जो काकू करतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

आपल्यापैकी कोणापाशी जहागीर नाही, दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. तरीही त्यातील कोपरा, रोजची भाकरी, लशीचा खर्च आणि दहा-बारा वर्षांची सोबत, एवढी सनद पिल्लू घरी आणण्यापूर्वी मनाशी लिहून ठेवता येते. ती लिहिता येत नसेल, तर पिल्लू आणू नये. आणि घरच्या कुत्रीची वीण तर मुळीच करू नये.