तळटीप : हॅरी हुदिनी (१८७४–१९२६)
* मूळ नाव एरिक वाइस. जन्म बुडापेस्टचा. वडील ज्यू धर्मगुरू. कुटुंब पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावी आले. ‘हुदिनी’ हे नाव त्याने रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगारावरून घेतले आणि १९०८ मध्ये त्याच आदर्शाचे वाभाडे काढणारे पुस्तकही लिहिले. सुरुवातीची वर्षे हलाखीची गेली. १८९९ मध्ये मार्टिन बेक या व्यवस्थापकाने त्याला हातचलाखी बाजूला ठेवून बेड्यांतून सुटण्यावर भर द्यायला सांगितले आणि व्हॉदव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा मिश्र करमणुकीच्या, मोठ्या नाट्यगृहांत आणले. नशीब पालटले ते तिथून.

१९०८ पासून तो पाण्याने काठोकाठ भरलेल्या दुधाच्या कॅनमध्ये शिरू लागला. झाकणाला बाहेरून कुलपे लावली जात. त्याआधी तो प्रेक्षकांनाही आपल्याबरोबर श्वास रोखायला सांगे. एकेक जण धापा टाकत हार मानी, आणि पडद्याआड कॅन तसाच बंद! कुलपे उघडणारे इतरही होते. धास्ती अशी थेट प्रेक्षकाच्या छातीत उतरवणे हे मात्र त्याचेच कसब.

तो पाण्याच्या पेटीत बुडून मेला, हे खरे नाही. हा समज पसरला तो मुख्यतः १९५३ च्या ‘हुदिनी’ चित्रपटामुळे. अपेंडिक्स फुटून पोटात झालेल्या संसर्गाने ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइटच्या रुग्णालयात, वयाच्या ५२व्या वर्षी तो वारला. — संपा.