साठी बुद्धी नाठी?

श्रोतेहो, घरातलं वडील माणूस पुन्हा पुन्हा विसरू लागलं की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण १९०१ साली जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात आलेल्या औगुस्ट डेटर या बाई अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. त्यांना स्वतःचं नावदेखील धड लिहिता येईना. १९०६ साली त्या वारल्या. डॉक्टर आल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी बाईंचा मेंदू तिकडे मागवला, त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारानं रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या आत गुंतलेले धागे आणि बाहेर साचलेले डाग त्यांना दिसले.

हे डाग कशाचे? शरीरात साचणाऱ्या अशा साक्याला फिर्खो यांनी १८५४ साली ‘अमायलॉइड’, म्हणजे पिठासारखा, असं नाव दिलं होतं. कारण आयोडीन लावताच त्याचा रंग पिष्टासारखा बदले. पुढं कळलं की हे पीठ नव्हेच, प्रथिन आहे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच!

काँगो रेड नावाच्या रंगानं साका दिसतो खरा. पण तो कोणत्या प्रथिनाचा, हे रंग सांगत नाही. १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या साक्यातून ते प्रथिन वेगळं काढलं. आता नेमकं तेच ओळखणारा पारखी हवा होता. तो म्हणजे प्रतिपिंड. रक्तात शिरलेला परका पदार्थ ओळखण्यासाठी शरीर हे प्रतिपिंड तयार करतं. केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी कर्कपेशीशी जोडली. ही जोडपेशी न मरता एकाच जातीचं प्रतिपिंड करीत राहते.

पण पारखीही फसतो बरं का! ‘६ई१०’ हे प्रयोगशाळेतलं नामांकित प्रतिपिंड साका ओळखतं, तसंच ज्या मोठ्या प्रथिनातून तो तुटून येतो त्यालाही ओळखतं. म्हणून एका साक्षीवर निकाल द्यायचा नसतो. शिवाय काही धडधाकट वृद्धांच्या मेंदूतही हे डाग सापडतात.

२०२३ साली अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. तेही प्रतिपिंडच. त्यानं सुरुवातीच्या अवस्थेत रोगाची चाल थोडी मंदावते. तो बरा होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढं अवश्य सांगा : आजीचं विसरणं हा तिचा हट्ट नव्हे, आणि नुसता वयाचा दोषही नव्हे. तो आजार असू शकतो. तिला हसू नका, डॉक्टरांना दाखवा.