फटफटीवाल्याचें जाकीट

दुकानांत नव्या मालाच्या रांगेंत टांगलेलें एखादें चामड्याचें जाकीट पाहावें. कोपरांवर रंग उडालेला, शिवणींच्या कडा घांसलेल्या, खांद्यावर उन्हापावसाच्या खुणा आणि पाठीवर जणूं दहा वर्षांच्या प्रवासाच्या सुरकुत्या. वस्तुतः तें कारखान्यांतून बाहेर पडून महिनाहि झालेला नसतो. कोणी तें अंगावर घातलेलें नाहीं, फटफटीवर तर मुळींच नाहीं. तरीहि गिऱ्हाईक त्या झिजेसाठींच अधिक पैसे मोजतें. नवें लुगडें विरलेलें निघालें तर दुकानदाराशीं भांडणाऱ्या घरांतलाच मुलगा हें विटलेलें जाकीट हौसेनें घेऊन येतो, आणि आई विचारते, "कोणाचें उतरलेलें आणलेंस हें?" आईचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. ही झीज मूळची कोणाची तरी होतीच. ती कोणाची, हें शोधूं गेल्यास शंभर वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

न्यूयॉर्कमधील लोअर ईस्ट साइड ही परदेशांतून आलेल्या गोरगरिबांची दाट वस्ती. शिवणकाम हा तेथील पोटाचा मोठा आधार. रशियांतून आलेल्या एका कुटुंबांतील अर्विंग व जॅक शॉट या दोघां भावांनीं १९१३ सालीं तेथील एका तळघरांत पावसाळी कोट शिवण्यास प्रारंभ केला. हे कोट दारोदार फिरून विकले जात. मोटारसायकल त्या वेळीं नुकतीच रस्त्यावर रुळूं लागली होती, आणि तिच्यावर बसणारा मनुष्य मिळेल तें अंगावर चढवी: लष्करांतला लांब कोट, मोटार हांकणाऱ्याचा डगला, नाहीं तर घरांतला जुना लोकरी सदरा. १९२८ सालीं अर्विंग शॉटनें खास या स्वारांसाठीं एक आंखूड चामडी जाकीट बेतलें आणि आपल्या आवडत्या सिगारवरून त्याचें नांव 'पर्फेक्टो' ठेवलें. लाँग आयलंडवरील हार्ले-डेव्हिडसन गाड्यांच्या विक्रेत्याकडे तें साडेपांच डॉलरला मिळे.

हें जाकीट देखणें व्हावें म्हणून कापलेलें नव्हतें. त्यांतील प्रत्येक वळणामागें वाऱ्याचा विचार होता. मधोमध गुंड्या असलेल्या कोटांत समोरचा वारा फटींतून शिरतो, कोट फुग्यासारखा फुगतो आणि त्याचे लांब सोगे चाकाकडे फडफडत जातात. शॉटच्या जाकिटांत पुढची एक बाजू दुसरीवर चांगली चढते आणि बंद करण्याची पट्टी वरून कमरेकडे तिरपी उतरते. त्यामुळें छातीवर चामड्याचे दोन थर येतात. शिवाय स्वार पुढें वांकून टाकीवर ओणवा झाला तरी धातूचे दांते पोटांत रुतत नाहींत. गळपट्टीचीं टोकें दाबाच्या बटनांनीं जखडलेलीं असतात, कारण तीं सुटीं राहिल्यास गालावर चाबकासारखीं बसतात. कमरेला पट्टा आहे तो वारा खालून शिरूं नये म्हणून. मनगटाशीं चेन आहे ती हातमोज्यावर बाही घट्ट बसावी म्हणून. आणि जाकीट कमरेशींच संपतें, कारण बसलेल्या माणसाच्या मांडीवर लांब कोटाची निव्वळ अडगळ होते. आज ज्याला ऐट समजतात तें सारें एका शिंप्यानें स्वाराच्या बैठकीवरून काढलेलें गणित आहे.

मराठी घरांत जिला सर्रास चेन म्हणतात ती वस्तूहि त्या काळीं नवलाची होती. शिकागोच्या व्हिटकम जडसन यानें १८९३ सालीं बुटांसाठीं आंकड्यांचें एक बंधन काढलें. पण तें वारंवार निसटे. स्वीडनमध्यें जन्मलेल्या गिडिऑन सुंडबॅक या अभियंत्यानें त्यांत सुधारणा करीत करीत १९१७ सालीं आजच्या घडणीच्या चेनचें पेटंट मिळविलें. पुढें १९२३ सालीं गुडरिच कंपनीनें आपल्या रबरी बुटांना ती बसविली आणि त्यांनाच 'झिपर' असें नांव दिलें. म्हणजे चेन प्रथम पायांत आली व पांच वर्षांनीं छातीवर चढली!

चामडें बहुधा घोड्याचें असे. त्यालाहि कारण होतें. घोड्याच्या कातड्याचे तंतु घट्ट असतात, तें वाऱ्याला दाद देत नाहीं आणि लवकर फाटत नाहीं. पण नियतीचा खेळ असा कीं, ज्या यंत्रवाहनांच्या स्वारांसाठीं हें चामडें लागे त्याच वाहनांनीं घोड्याला रस्त्यावरून व शेतांतून हुसकून लावलें. घोडे कमी झाले, कातडें दुर्मिळ झालें, आणि कारागिरांना हळूहळू गाईबैलांच्या चामड्याकडे वळावें लागलें.

याच सुमारास चामड्याला आकाशांतूनहि प्रतिष्ठा येत होती. पहिल्या महायुद्धांतील वैमानिक उघड्या विमानांत बसत. तेथील थंडींत चामडी कोटावांचून निभाव लागत नसे. अमेरिकन सैन्याच्या हवाई शाखेनें १९३१ सालीं चेन असलेलें 'ए-२' जाकीट स्वीकारलें. इंग्लंडांत लेस्ली अर्विन या छत्रीबहाद्दरानें मेंढीच्या लोकरीसकट कमावलेल्या कातड्याचीं जाकिटें वैमानिकांना पुरविलीं. दुसऱ्या महायुद्धांत या जाकिटांच्या पाठीवर विमानांचीं नांवें व चित्रें रंगविलेलीं दिसूं लागलीं. झिजलेल्या चामड्याला मान आला तो येथें. ज्याचें जाकीट विटलेलें, तो अनेक उड्डाणें करून जिवंत परतलेला, एवढा सरळ त्याचा अर्थ होता. तो अर्थ विकत मिळत नसे.

युद्ध संपलें, आणि परतलेल्या तरुणांपैकीं कित्येकांना घर, कचेरी, रविवारचें देवळांत जाणें या चाकोरींत चैन पडेना. त्यांनीं मोटारसायकली घेतल्या, टोळ्या केल्या. १९४७ च्या जुलैंत कॅलिफोर्नियांतील हॉलिस्टर या लहानशा गांवीं स्वारांचा मेळावा भरला आणि दारू, शर्यती व दंगामस्ती यांनीं गांव हैराण झालें. वृत्तपत्रांनीं त्याला दंगलीचें स्वरूप दिलें. 'लाइफ' साप्ताहिकांत बाटल्यांच्या गराड्यांत गाडीवर झुलणाऱ्या एका स्वाराचें छायाचित्र आलें. त्यावरून एक कथा लिहिली गेली, आणि कथेवरून १९५३ सालीं 'द वाइल्ड वन' हा बोलपट निघाला. मार्लन ब्रँडो त्यांत पर्फेक्टोच्या घाटाचें काळें जाकीट घालून वावरला. पंचवीस वर्षें जें कामाचें कापड होतें तें दोन घटकांत बंडाचा गणवेश बनलें. अमेरिकेंतील अनेक शाळांनीं असें जाकीट घालून येण्यास बंदी केली. ब्रिटनच्या चित्रपटपरीक्षकांनीं तर १९५४ सालीं बोलपटच नाकारला, आणि त्यास परवानगी मिळण्यास १९६७ साल उजाडलें. बंदीनें जाकिटाचें भाग्य उघडलें, हें सांगावयास नकोच. मुलांना एखादी वस्तु हवीशी वाटावी असें शाळेला वाटत असेल, तर तिच्यावर बंदी घालण्यासारखा उपाय नाहीं.

ब्रिटनमध्यें बोलपट दिसत नव्हता, पण जाकीट पोहोंचलें होतें. लंडनच्या डी. लुइस या जुन्या पेढीनें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकन घाटाचीं जाकिटें काढलीं. 'रॉकर' म्हणविणारीं कारखान्यांतील व गॅरेजांतील मुलें तीं घालून शहराबाहेरच्या रस्त्यावरील 'एस कॅफे'पाशीं जमत आणि भरधाव गाड्या फेंकीत. त्यांत कितीएक मुलें मेलीं. १९६४ सालीं समुद्रकांठच्या गांवांत रॉकर आणि सुटाबुटांतले 'मॉड' यांच्या मारामाऱ्या झाल्या व सर्व देशांत हाकाटी उठली. पण त्याच काळांत बिल शेरगोल्ड नांवाचे एक पाद्री स्वतः मोटारसायकलवर बसून या मुलांत गेले, त्यांना चर्चमध्यें बोलावलें आणि '५९ क्लब' या तरुणमंडळांत त्यांच्यासाठीं शाखा उघडली. काळ्या जाकिटांची रांग देवळाच्या दारांत उभी राहिली. वर्तमानपत्रांपेक्षां या पाद्र्याला तीं मुलें अधिक नीट समजलीं होतीं असें म्हणावें लागतें.

श्रीमंतांच्या घरांत हा वेष शिरला तो धक्का देतच. १९६० सालीं पॅरिसमधील डिओरच्या पेढीचा तरुण रचनाकार ईव्ह सेंट लॉराँ यानें मगरीच्या कातड्याचें, मिंकच्या मऊ केसांची कड लावलेलें काळें जाकीट प्रदर्शनांत मांडलें. प्रतिष्ठित गिऱ्हाइकिणींनीं नाकें मुरडलीं. त्याच वर्षीं त्याला लष्करांत जावें लागलें आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळाली. आज असें जाकीट न विकणारी मोठी पेढी क्वचितच आढळेल.

मग मुद्दाम झिजविण्याची कला आली. पूर्वींच्या कांहीं काळ्या जाकिटांचें चामडें मुळांत तपकिरी असे आणि काळा रंग केवळ वरच्या थरावर बसे. वर्षानुवर्षांच्या वापरानें काळें उडून कोपरांवर, खिशांच्या कडांवर तपकिरी अंग उघडें पडे. जपानी कारागीर, ज्यांच्याइतकें जुन्या अमेरिकन वस्त्रांचें वेड अमेरिकेलाहि नाहीं, या चामड्याला 'चहाचा गाभा' म्हणतात व तें आतां मुद्दाम तसेंच रंगवितात. तेथें झीज निदान घालणाऱ्याचीच असते, फक्त ती लवकर दिसते. इतरत्र एवढा धीर नसतो. चामडीं पिंपांत घालून तासन् तास घुसळतात, मेण चोळून मोडतात म्हणजे घड्यांवर रंग फिका पडतो, द्रावणाच्या बोळ्यानें वरचा रंग पुसतात, आणि शिवून झालेल्या जाकिटाचीं कोपरें व शिवणी बारीक कांचकागदानें हातानें घांसतात. दहा वर्षांचें काम एका दुपारीं उरकतें. घांसणाऱ्याच्या बोटांचीं कातडीं झिजतात तीं मात्र खरींच झिजतात, आणि त्यांना कोणी अधिक दाम देत नाहीं.

या धंद्याचा एक धागा महाराष्ट्रांतूनहि जातो. माळरानावर पिवळ्या फुलांनीं डवरणारा तरवड सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या सालीनें दक्षिण हिंदुस्थानांत कातडीं कमावीत व तीं अर्धवट कमावलेलीं कातडीं जहाजांनीं लंडनला जात. मद्रासेंत १९०३ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं क्रोम धातूच्या क्षारांनीं कमावण्याचे प्रयोग चालविले. सालीनें आठवडे लागतात तेथें क्रोमनें काम थोड्या दिवसांत होतें, आणि जाकिटांना लागणारें मऊ चामडें बहुतांशीं याच रीतीनें निघतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तामिळ भागांतून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनीं मुंबईस धारावींत कातडीं कमावण्याचे कारखाने काढले. कारखाने पुढें शहरांतून हलले. शिवणकाम व दुकानें राहिलीं. तेथें जाकिटांवर बसलेले हात बहुधा त्या जातींचे व त्या गरिबीचे असतात, ज्यांना कातड्याला शिवल्यामुळें गांवानें वेशीबाहेर ठेवलें होतें. ढोरानें कमावलेलें व चांभारानें शिवलेलें चामडें शतकानुशतकें पायांतच चाललें. तें अंगावर, तेंहि उच्चभ्रू घरांतील तरुणाच्या अंगावर, मानानें चढण्यास परदेशी बोलपटाची शिफारस लागली. २०१५ सालीं महाराष्ट्रांत बैल व वळू यांच्या हत्येवरहि कायद्यानें बंदी आली, तेव्हां या कारागिरांना म्हैस, शेळी व मेंढी यांच्या कातड्यांवर अधिक विसंबावें लागलें.

मेंढीचें चामडें मऊ व हलकें; दुकानांत तें हातालाच फसवितें. रोज कचेरींत घालण्यास तें उत्तम. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाचें कातडें वांचवावयाचें तर तेवढ्यानें भागत नाहीं. युरोपांत २००२ सालीं स्वारांच्या पोषाखासाठीं ठरविलेल्या मानकांत चामड्याची परीक्षा अशी होती: सेकंदास आठ मीटर वेगानें धांवणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर कापडाचा तुकडा टेकवावयाचा आणि त्याला भोंक पडेपर्यंतचा वेळ मोजावयाचा. खांदे-कोपरांसाठीं पहिल्या प्रतीस चार सेकंद व वरच्या प्रतीस सात सेकंद टिकणें आवश्यक असे. २०२० च्या नव्या मानकांत परीक्षा बदलली व पोषाखाच्या पायऱ्या वाढल्या. पण पातळ चामडें, तेंहि वरचा घट्ट थर घांसून काढलेलें, कोणत्याच परीक्षेंत फार वेळ तग धरीत नाहीं. शोभेचें जाकीट व स्वारीचें जाकीट हे लांबून जुळे भाऊ दिसतात. फरक पडल्यावरच कळतो.

शिवाय चामडें कातडी राखतें, हाड राखीत नाहीं. अरबस्तानच्या लढ्यानें गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ सालीं आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून फेंकला गेला व डोक्याला मार लागून सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं ह्यू केर्न्स या शस्त्रवैद्यानें मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाच्या जखमांचा पुढें अभ्यास केला. १९४१ सालीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. त्या शिरस्त्राणाला मात्र कोणा नटानें ऐट दिली नाहीं. पुण्यांत हेल्मेटविरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळींपैकीं एखाद्याच्या घरीं झिजविलेलें जाकीट खुंटीवर असल्यास नवल नाहीं; वैशाखांत तें खुंटीवरच शोभतें, ही गोष्ट वेगळी.

स्वारीसाठीं म्हणून जाकीट घेणारा जाणता मनुष्य त्याचा रंग पाहण्यापूर्वीं तें उलटें करतो. कोपर व खांद्याशीं अस्तरांत गादी सरकविण्यास पिशवी आहे कीं नाहीं, मुख्य शिवणी दुहेरी आहेत कीं एकेरी, आणि चामडें चिमटींत धरलें असतां किती जाड लागतें, एवढें तो पाहतो. पिशवी नसल्यास मापानें शिवून देणाऱ्या कारागिरास सांगून ती घालून घेतां येते. कोपरावरचा रंग तो कारागिराला बहुधा तसाच ठेवावयास सांगतो.